नाल्यापलीकडच्या चुली

टेंभरघाटात कोणाचं लग्न ठरलं की सोयऱ्यांच्या आधी गोदावरीबाईच्या पायांना कळतं. बारसं असो, तेरवी असो, नव्या घराची पूजा असो, गावाला आवतन सांगायचं काम तिचं. लोक पत्रिका छापतात, आता तर मोबाईलवर फुलाफुलांचं काय काय पाठवतात, पण तेवढ्यावर कोणी जेवायला उठत नाही. गोदावरीबाई दारात येऊन उभी राहिली पाहिजे. "उद्या दुपारी जेवाले येजा बाप्पा, चूलबंद आवतन हाय," असं तिनं म्हटलं म्हणजे झालं. चूलबंद म्हणजे त्या दिवशी घरची चूल पेटवायचीच नाही, म्हाताऱ्यापासून तान्ह्यापर्यंत सगळ्यांनी यायचं. यजमानाचा हात आखडता असला तर मग 'घरटी एक'. कोणाला कोणतं सांगायचं, कोणाच्या घरून किती ताटं येणार, कोणाचा पोरगा हैदराबादला गेला, कोणाची सून बाळंतपणाला माहेरी आहे, हे सारं तिच्या डोक्यात. तांदूळ किती शिजवायचे ते आचारी तिला विचारतो. सव्वीस वर्षांत एकदाही भात कमी पडला नाही. एकदा पडला होता, पण ती चूक आचाऱ्याची, असं ती अजून छातीठोकपणे सांगते.

वय अठ्ठावन्न. अंगानं काटक, जिभेनं त्याहून काटक. नवरा धनीराम सहा वर्षांपूर्वी गेला. धानाची चांगली शेती होती, ती गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेली, गावही गेलं. आता नव्या गावठाणाच्या मागं दोन एकर आहे. एकुलता एक मुलगा निकेश नागपूरला नोकरीला होता आणि सून तृप्तीही तिथंच. तृप्ती एकोडीची, साकोली तालुक्यातली. शिकलेली पोरगी. औषधाची दुकानं काढणाऱ्या एका कंपनीत ती कामाला होती, आणि नवीन दुकान कोणत्या चौकात टाकायचं हे ती कॉम्प्युटरवर नकाशा मांडून सांगायची. गोदावरीबाईला हे काम कधी नीट समजलं नाही. "दुकान कुठी टाकाचं हे सांगाचा पगार भेटते?" असं ती बायांना सांगायची आणि वर अभिमानानं हसायची.

मागच्या दिवाळीत दोघं घरी आली तेव्हा तृप्ती म्हणाली, "आई, आपण गावातच गिरणी टाकू. पीठ, हळद, मसाला, आणि मुख्य म्हणजे मिरची कांडायचं मशीन. मिरची कांडायला इथल्या बायांना पार पवनीला जावं लागतं."

गोदावरीबाईनं त्या दिवशी आनंदानं दोनदा चहा मांडला, दोन्ही वेळा साखर विसरली. पण तृप्ती पोरगी सरळ बोलणारी. तिनं पुढचंही सांगून टाकलं. एक वर्ष बघायचं. गिरणी चालली तर इथंच राहू, नाही चालली तर परत नागपूर. जागा चुकली तर मशीन कितीही चांगलं असो, चालणार नाही. आणि थ्री फेजची लाईन एकदा एका जागी घेतली की उचलून दुसरीकडे नेता येत नाही. त्या लाईनच्या फॉर्मवर जागा लिहावी लागते, शेवटची तारीख येता शुक्रवार.

म्हणजे सगळं येऊन ठेपलं होतं जागेवर. जागा बरोबर निघाली तर घरात पोरं राहणार, चुकली तर ती एकटी, रिकामं घर आणि एका माणसाचा भात. खोटं कशाला बोला, गोदावरीबाई घाबरली होती. गाव पाण्यात गेलं तेव्हा ती एवढी घाबरली नव्हती.

निकेशचं म्हणणं निराळं. लाखनीला हायवेवर त्याच्या मित्राचा गाळा रिकामा होता. "तिथं दिवसभर ट्रक थांबतेत आई, केवढी गर्दी असते!"

"ट्रकवाला काय मिरची कांडाले थांबन का रे?" गोदावरीबाई म्हणाली. "का त्याच्या ट्रकात चूल हाय?"

तृप्ती तोंड फिरवून हसली. मग ती म्हणाली, "आई बरोबर सांगतात. बाई माणूस डोक्यावर गाठोडं घेऊन किती चालेल? फार तर दहा मिनिटं. तर दहा मिनिटांत जास्तीत जास्त लोक कुठून येऊ शकतात, ते शोधायचं." असं म्हणून तिनं लॅपटॉप उघडला.

जनगणनेचे आकडे तिनं उतरवून घेतले होते. प्रत्येक गावावर एक लाल गोल, माणसं जास्त तर गोल मोठा. "हे बघा आई, आसपास सगळ्यात मोठा गोल आपल्या टेंभरघाटचा."

गोदावरीबाईनं चष्मा लावला. गोल चांगला भाकरीएवढा होता. पण चहूबाजूंनी निळं.

"हे निळं काय होय?"

"धरणाचं पाणी."

"मंग आमी सारे पाण्यात रायतो काय वं?"

तृप्तीनं पाहिलं, वाकून पुन्हा पाहिलं, आणि कपाळाला हात लावला. आकडे दोन हजार अकराचे. नवी जनगणना अजून व्हायची होती. मोजणीवाले आले तेव्हा गाव जुन्या जागी होतं, त्यामुळे सरकारी कागदावर टेंभरघाटची माणसं अजून तिथंच नांदत होती, वैनगंगेच्या काठाला. गोदावरीबाई हसायला लागली ती थांबेचना. पदर तोंडाला लावून हसली. मग डोळे पुसता पुसता तिच्या लक्षात आलं की हे सगळंच पाणी हसण्याचं नाही. त्या लाल गोलाखाली तिचं अंगण होतं.

"बंद कर ते," ती म्हणाली. "चुली मी सांगते, तू लिही."

"चुली? माणसं सांगा ना."

"मानसं मोजून काय करशीन? मिरची मानूस कांडत नाही, चूल कांडते. दोन भाऊ येगळे झाले का दोन चुली अन् दोन गाठोडे. गॅस आला म्हणून काय झालं, हिशेब चुलीचाच."

तृप्ती तिच्याकडे बघतच राहिली. नागपूरच्या कंपनीत एवढे साहेब होते, पण हे कोणी बोललं नव्हतं.

आता सुरू झाला तमाशा. गोदावरीबाई सांगायला बसली खरी, पण तिची यादी म्हणजे पाण्याचा नळ नव्हे, वाटेल तेव्हा चालू अन् वाटेल तेव्हा बंद. ती एका ओळीनंच यायची, आवतन सांगायच्या ओळीनं. मधे तृप्तीनं "थांबा, या घरी किती चुली म्हणालात?" असं विचारलं की ओळ तुटायची आणि पुन्हा पहिल्या घरापासून. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा गोदावरीबाई उखडली. "तू मधात तोंड घालू नको! बसून येत नाही मले. चालल्यावरच येते."

मग तृप्तीनं युक्ती केली. मोबाईलमध्ये चाललेला रस्ता नोंदवायचं काहीतरी सुरू केलं, तो सासूच्या कमरेच्या पिशवीत ठेवला आणि वही घेऊन तिच्या मागं निघाली. गोदावरीबाई पुढं, घर आलं की आकडा सांगायची, सून लिहायची. "दोन चुली. एक. कुलूप हाय, होळीलेच येतात. तीन, पण लहान भाऊ मोठ्याकडंच जेवते, अडीच लिही."

"अडीच कशी लिहू आई?"

"मंग तीन लिही, पन आचाऱ्याले अडीचच सांगजो."

संध्याकाळी तृप्तीनं तो रस्ता नकाशावर पाहिला आणि तिला हसू आवरेना. कोंबडीनं उकिरडा उकरावा तशा रेघा. या टोकाला एक घर, मग गाव ओलांडून त्या टोकाला, परत मधे, परत मागे. "आई, शेजारचं घर सोडून तुम्ही एवढ्या दूर का जाता?"

"शेजारचं कोठचं? लगतचं घर ते नव्हं," गोदावरीबाई म्हणाली. आणि तृप्तीला हळूहळू उलगडलं. नव्या गावठाणात प्लॉट चिठ्ठ्या टाकून वाटले होते. जुन्या गावातला शेजार पार उधळला, भिंतीला भिंत असलेली घरं दोन टोकांना गेली. पण आवतनाचा मान जुन्याच ओळीनं. आधी वरची आळी, मग विहिरीकडची, मग घाटाची. चौदा वर्षं गोदावरीबाई नसलेल्या गावाच्या गल्ल्यांतून चालत होती. पाय नव्या सिमेंटच्या रस्त्यावर आणि डोकं जुन्या आळीत. गावातल्या पोरी यावरून तिला चिडवायच्या. तृप्तीनं चिडवलं नाही. तिनं सासूचे पाय दाबून दिले, न सांगता.

दोन दिवसांत एकशे बारा चुली झाल्या. तृप्तीनं प्रत्येक चुलीचा एक ठिपका मांडला. गाव कसं भरून आलं. पण एका बाजूला, नाल्याच्या पलीकडे, एकही ठिपका नाही.

"आई, नाल्यापलीकडे कोणी राहत नाही?"

"रायत असतीन," गोदावरीबाई म्हणाली आणि तांदूळ निवडायला बसली. कालच निवडलेले तांदूळ.

तृप्तीनं वरून घेतलेलं चित्र काढलं. उपग्रहाला भांडण थोडंच माहीत! पलीकडे त्रेचाळीस छपरं स्पष्ट दिसत होती. "आई, हा हिशेब बघा. पलीकडचे धरले नाहीत तर आपली जागा मातामायच्या चौकात. पण पलीकडे खरंच एवढ्या चुली असतील, तर जागा नाल्याच्या रपट्याजवळ, त्या ठेंगण्या पुलापाशी. तिथून दोन्ही बाजूंच्या बाया दहा मिनिटांत येतात. चौकात गिरणी टाकली तर पलीकडच्या येणार नाहीत, आणि नुसत्या एकशे बारा चुलींवर मशीन वर्षभर चालत नाही. मी चार वेळा हिशेब केला." मग ती थोडं थांबली. "पण छपरं म्हणजे चुली नाहीत. तो गोठा असेल, कुलूप असेल. ते वरून कळत नाही."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. सगळ्या गावाची चूल न् चूल जिला ठाऊक, तिला घरापासून तीनशे पावलांवरच्या माणसांची गिनती नव्हती. आणि का नव्हती ते सांगायला तिची जीभ वळत नव्हती. निकेशनं सांगितलं शेवटी.

गाव उठलं तेव्हाची गोष्ट. जुन्या गावाच्या वेशीवर कडुलिंबाखाली गावदेवी मातामाय होती, शेंदूर माखलेली, सगळ्यांची. नव्या गावात तिला कुठं बसवायचं यावरून जुंपली. नाल्याअलीकडचे म्हणत आमच्याकडं, पलीकडचे म्हणत आमच्याकडं. शेवटी ठरलं की रविवारी सगळे बसू आणि काय ते ठरवू. आणि शनिवारच्या पहाटेच अलीकडच्यांनी मातामायला गाडीत घालून आणलं, चौकात बसवून मोकळे झाले. बैलगाडी धनीरामची. रविवारी पलीकडचे हळदकुंकू, नारळ घेऊन आले तर इथं पूजा होऊन गेलेली. त्या दिवसापासून आवतन बंद. ना त्यांचं यांना, ना यांचं त्यांना. लग्नं झाली, मयती झाल्या, रपट्यावर समोरासमोर आले तरी माना खाली.

आणि पलीकडे पहिल्या ओळीत शेवटचं घर मनकर्णाबाईचं. गोदावरीबाईची सख्खी मोठी बहीण. दोघी बहिणी एकाच गावात दिलेल्या. जुन्या गावात दोघींच्या अंगणांमधे एक वई होती, काट्याकुट्यांचं कुंपण, आणि तिच्यातून वाट्या इकडून तिकडं जायच्या. त्या रविवारी मनकर्णाबाई चौकात सगळ्यांसमोर एवढंच बोलली होती, "गोदी, तुले मालूम होतं. मले एक शब्द सांगाचा होता."

मालूम होतं. शुक्रवारी रात्रीच मालूम होतं. साऱ्या गावाला सांगणारी बाई, आणि तेवढं एकच सांगितलं नाही, तेही सख्ख्या बहिणीला. नवऱ्यानं नको म्हटलं म्हणून नाही सांगितलं. पण नवऱ्याचं तिनं त्याच्या आधी अन् नंतर कधी एवढं ऐकलं होतं, विचारा बरं!

बुधवारी तृप्ती एकटीच वही घेऊन पलीकडे गेली. तासाभरात परत आली, वही कोरी. "विचारलं की म्हणतात, तुमच्या घरून आमाले आवतन नाही, मंग आमच्या चुली कायले मोजता? दारातूनच परत पाठवलं." तिचा चेहरा उतरला होता. "जाऊ द्या आई. चौकाची जागा लिहिते फॉर्मवर. चालली तर चालली."

"अन् नाही चालली तर?"

तृप्तीनं वही पटकन मिटली. तो आवाज गोदावरीबाईला नागपूरच्या गाडीसारखा ऐकू आला.

गुरुवारी सकाळी तिनं आंघोळ केली, धुतलेलं लुगडं नेसलं, कपाळाला कुंकवाच्या जागी राहिलेला जुना गोंदणाचा ठिपका पदरानं पुसून घेतला. मग मात्र उंबऱ्यात अडली. जन्मात ती कोणाच्या दारी रिकामी गेली नव्हती. कोणाचं तरी कार्य असायचं, तारीख असायची. चौदा वर्षांनी जायचं तर काय तोंड घेऊन जायचं? "तृप्ती, मी कायचं आवतन सांगू वं?"

"गिरणीची पूजा करूच की आपण."

"कधी? कुठी?"

"ते अजून ठरलं नाही, आई."

"हं," गोदावरीबाई म्हणाली आणि निघाली. बिनतारखेचं, बिनजागेचं आवतन. असं आवतन साऱ्या झाडीपट्टीत कोणी सांगितलं नसेल.

तिनं रपटा ओलांडला. पहिल्याच घरासमोर एक म्हातारी लाखोळीची डाळ पाखडत बसली होती. तिनं सूप खाली ठेवलं, डोळ्यांवर हात धरून पाहिलं. "कोण वं? धनीरामची गोदावरी?"

"हो. आवतन सांगाले आली. घरी मिरचीची गिरणी टाकून राहिलो आमी, तिच्या पूजेचं. चूलबंद."

"कधी हाय पूजा?"

"तारीख निघाची हाय."

"कुठी टाकून राहिले गिरणी?"

"तेच तुमाले इचाराले आली. तुमी सारे येत असान तं रपट्याजवळ टाकतो. नाही तं चौकात."

आजूबाजूच्या दोन-तीन दारांत बाया येऊन उभ्या राहिल्या होत्या. मग म्हातारी मोठ्यानं म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "बाप्पा! मातामायच्या वक्ताले इचारलं नाही, अन् गिरणीच्या वक्ताले इचारून राहिली!"

कोणी हसलं नाही. गोदावरीबाईही नाही. तिला वाटलं, मागं फिरावं. रपटा तीस पावलांवर होता. पण ती उभी राहिली. "तवा चुकलं, आजी," ती म्हणाली. "आमचं चुकलं. माझं तं लयच चुकलं."

एवढंच. पण चौदा वर्षांत हे वाक्य अलीकडच्या कोणाच्या तोंडून निघालं नव्हतं, आणि पलीकडच्यांनी ते ऐकायची आशाही सोडली होती. म्हातारीनं सूप उचललं, दोनदा पाखडलं, आणि खाली बघतच म्हणाली, "तीन चुली लिही आमच्या इथं. दोन पोरं येगळे झाले. अन् आमच्या घरची मिरची लय असते, आधीच सांगून ठेवते. मशीन लहान आणू नका."

मग काय, पुढचं घर, त्याच्या पुढचं घर. ही घरं गोदावरीबाईच्या ओळीतून चौदा वर्षांपूर्वीच गळाली होती म्हणून ती पहिल्यांदाच रस्त्याच्या ओळीनं चालली, लागेल ते घर घेत. कोणी पाणी दिलं, कोणी नुसतं दार धरून उभं राहिलं. एकीनं दारच लावून घेतलं. त्या घराची तिनं चूल धरली, पण शंका म्हणून. एक गोठा निघाला, चार कुलपं निघाली, पण वेगळे झालेले भाऊ इतके निघाले की तोट्याची भरपाई होऊन वर उरलं. बातमी तिच्या पुढं पळत होती. दहाव्या घरापासून बाया तिनं विचारायच्या आतच आपापली संख्या सांगायला लागल्या, मतदान केंद्रावर सांगावी तशी. पंचावन्न. छप्पन. वही नव्हती, लागलीही नाही.

पण एक घर तिनं चुकवत चुकवत शेवटी ठेवलं होतं. शेवट आला.

मनकर्णाबाईचं अंगण सारवलेलं. दार सताड उघडं. आत चुलीपुढं मनकर्णाबाई पाठमोरी बसली होती, कढईत वांग्याची भाजी परतत. केस पार पांढरे झालेले. गोदावरीबाईनं ते रपट्यावरून लांबून पाहिले होते, इतक्या जवळून नाही. छप्पन चुलींना सांगितलेलं आवतन इथं ओठांवर येईना.

"बाई," ती म्हणाली. बहिणीला ती बाईच म्हणायची.

मनकर्णाबाई वळली नाही. "आली? सकाळपासून वाट पाहून राहिली. लोकांच्या घरी लवकर, माझ्या घरी शेवटी. काहून वं?"

"भेव लागत होतं."

"माझं?"

"तुझं."

कढईत उलथनं दोनदा जोरानं फिरलं. "आवतन सांग मंग. आली तं सांग."

"गिरणीची पूजा हाय. चूलबंद."

"बरं. किती मानसं धरशीन माझ्या घरची?"

गोदावरीबाईनं दाराची चौकट धरली.

"सांग ना," मनकर्णाबाई म्हणाली, अजूनही पाठमोरी. "साऱ्या गावाचं तुले तोंडपाठ. आचारी तुले इचारते. माझ्या घरी किती ताटं लागतीन, सांग."

गोदावरीबाईनं आठवायचा प्रयत्न केला. बहीण आणि भाऊजी. दोन मुलगे. मोठ्याचं लग्न झालेलं तिला माहीत होतं, बँडचा आवाज इकडे ऐकू आला होता. धाकट्याचंही झालं म्हणतात. पोरंबाळं? अंगणात दोरीवर दोन लहान फ्रॉक वाळत होते, एक मोठा आणि एक छोटा. फ्रॉकांवरून माणसं मोजायची वेळ आली होती तिच्यावर. तिचे डोळे भरून आले. "मले मालूम नाही, बाई," ती म्हणाली, आणि हे म्हणताना तिला रडूच फुटलं.

तेव्हा मनकर्णाबाई वळली. तिनं बहिणीकडं नीट पाहिलं, वरपासून खालपर्यंत, आणि मग पदराला हात पुसत एकेक बोट मोडायला लागली. "मी अन् हे, दोन. दोन पोरं, चार. दोन सुना, सहा. दोन नाती, लहानीचे दात येऊन राहिले, आठ. अन् एक. नऊ. नऊ धर."

गोदावरीबाईनं मनात पुन्हा मोजलं. आठच होत होते. "नववं कोण?"

मनकर्णाबाईनं भिंतीला टेकवलेला पाट काढला, चुलीसमोर टाकला आणि त्यावर हातानं थोपटलं. "बस. तेल जास्त पडलं आज भाजीत. तुले तशीच लागते."

गोदावरीबाई बसली. ताटात भात पडला, वर वांग्याची भाजी पडली, आणि ती जेवायला लागली. तेवढ्यात कमरेच्या पिशवीत फोन वाजला. तृप्ती होती. "आई, केव्हाच्या गेलात! किती झाल्या? मी फॉर्म उघडून बसले आहे. चौक लिहू की रपटा?"

"रपटा लिही," गोदावरीबाई म्हणाली, घास तोंडात तसाच. "अन् आता फोन करू नको. मी बाईच्या घरी जेवून राहिली."